नव्याण्णव टक्के

“दोन दिवसांचं काम आहे,” असं सल्लागार जेवणाच्या टेबलाशी बसून चष्मा पुसता पुसता म्हणाले, आणि त्यांच्या बायकोला ते वाक्य इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी तिने ते ऑफिसात जसंच्या तसं सांगून टाकलं. घात झाला तो तिथे. नवरा घरात जे बोलतो ते घरातच विरतं म्हणून संसार चालतात. पण बायको नोंदणी कार्यालयात अभिलेख विभागाची प्रमुख असली की टेबलावरचं वाक्य फायलीत जातं, फायलीला क्रमांक पडतो, आणि मग ते वाक्य माणसाच्या मागे लागतं.

त्यांना सल्लागार म्हणायचं कारण त्यांच्या कार्डावर तसं छापलं होतं. कंपनीतून जरा लवकरच मोकळे झाल्यावर त्यांनी पाचशे कार्डं छापून घेतली होती. त्यातली चारशे ऐंशी कपाटात होती. कंपनीत शेवटची बारा वर्षं त्यांनी मीटिंगा घेतल्या, तक्ते दाखवले, पोरापोरींना “यात फार काही नाहीये” असं सांगितलं. स्वतःच्या हाताने प्रोग्रॅमची एक ओळ लिहिली नाही. ही गोष्ट त्यांना ठाऊक होती आणि बायकोला ठाऊक नव्हती. पुढचं सगळं या फटीतून घडलं.

काम असं. कार्यालयाच्या तळघरात जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवह्या ठेवलेल्या. तळघर म्हणजे दमट हवा, दमट हवा म्हणजे बुरशी. म्हणून तिथे हवेतला ओलावा शोषून घेणारं कपाटाएवढं यंत्र बसवलेलं होतं, पण ते चालू करायचं काम शिपायाकडे, आणि शिपायाला ते आठवलं तर. सल्लागारांची कल्पना सुटसुटीत होती. तळहाताएवढा एक कॉम्प्युटर बोर्ड घ्यायचा, त्याला ओलावा मोजणारा नखाएवढा सेन्सर जोडायचा, साठ टक्क्यांच्या वर आकडा गेला की मोठं यंत्र आपोआप चालू. बाहेर एका छोट्या पडद्यावर आकडा दिसेल. शिपायाने आठवण ठेवायची गरज नाही, म्हणजे शिपायाचीही सोय.

बोर्ड आणि सेन्सर एकमेकांशी दोन तारांवरून बोलतात. एका तारेवर ताल, दुसरीवर बातमी. या दोन तारांना त्या धंद्यात बस म्हणतात, आणि बोर्डाला सेन्सरची भाषा समजावून सांगणारा जो प्रोग्रॅम, त्याला ड्रायव्हर. तो तयार मिळतो. फुकट मिळतो. सल्लागारांच्या हाताखाली पूर्वी काम केलेल्या आणि आता त्यांच्यापेक्षा मोठ्या हुद्द्यावर गेलेल्या एका मुलीने फोनवर तसं सांगितलंही. पण सल्लागार म्हणाले, “तयार कपडा अंगाला कधी नीट बसत नाही.” त्यांनी स्वतः ड्रायव्हर लिहायला घेतला.

दोन दिवस झाले. सेन्सर ओ देईना.

या बसवर प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो. बोर्डाने तो पत्ता पुकारायचा, आणि ज्याचा असेल त्याने “हजर” म्हणायचं. शाळेच्या हजेरीसारखं. सल्लागार सकाळपासून संध्याकाळपर्यंत पत्ता पुकारत होते आणि वर्गात सामसूम. त्यांनी तारा बदलल्या, सेन्सर बदलला, टेबल बदललं. टेबल बदलायचा सल्ला शेजारच्या टेलिफोनवाल्यांचा. हे गृहस्थ जन्मभर टेलिफोन खात्यात तारा जोडत आलेले. दुपारची झोप झाली की ते चपला दाराबाहेर काढून आत यायचे आणि सल्लागारांच्या खांद्यावरून वाकून पाहायचे.

“लोखंडी टेबल आहे. तार गडबडते लोखंडावर,” ते म्हणाले.

“तसं काही नसतं,” सल्लागार म्हणाले, आणि ते गेल्यावर सगळं उचलून स्वयंपाकघरातल्या जेवणाच्या लाकडी टेबलावर नेलं. तिथेही सामसूम.

पाचव्या दिवशी त्यांनी त्या मुलीला फोन केला. आधी हवापाण्याच्या गप्पा झाल्या, तिच्या बढतीबद्दल अभिनंदन झालं, मग “सहज विचारतो” असं म्हणून विषय निघाला. तिने माहितीपुस्तिकेतला पत्ता वाचून दाखवायला सांगितला. सल्लागारांनी वाचला.

“सर, काही लोक पत्ता दुप्पट करून छापतात. तुम्ही त्याचा निम्मा पुकारून बघा.”

निम्मा पुकारला. सेन्सर पहिल्या हाकेला हजर.

“बरोबर. मी तुझी परीक्षा बघत होतो,” सल्लागार म्हणाले. मग ती म्हणाली, “हो सर.” त्या ‘हो सर’मध्ये इतका समजूतदारपणा होता की सल्लागारांना त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

आता आकडे येऊ लागले, पण अधूनमधून दोन्ही तारा मुक्या व्हायच्या. बोर्ड बंद करून चालू केला तरी मुक्या. सेन्सरची वीज काढावी तेव्हा कुठे शुद्धीवर. कारण शोधण्यात आठवडा गेला. सेन्सर आपलं उत्तर सांगत असताना मध्येच बोर्ड बंद पडला, तर बिचारा सेन्सर अर्ध्या शब्दावर तोंड उघडं ठेवून तसाच थांबतो आणि बातमीची तार धरून बसतो. तालाचा पुढचा ठोका येईपर्यंत सोडत नाही. बोर्डाला वाटतं, तार कोणीतरी धरली आहे, आपण बोलणं बरं नाही. दोघेही सभ्य, म्हणून संभाषण कायमचं बंद. असे नवराबायको सल्लागारांच्या पाहण्यात होते.

टेलिफोनवाल्यांनी हे ऐकलं आणि म्हणाले, “आमच्याकडे असं झालं की आम्ही पलीकडच्याला नुसती रिंग देत बसायचो. वैतागून ठेवायचा तो.”

सल्लागारांनी मान दुसरीकडे वळवली. तीन दिवसांनी माहितीपुस्तिकेच्या एका तळटीपेत त्यांना उपाय सापडला. तालाच्या तारेवर नऊ ठोके द्यावेत, म्हणजे सेन्सर आपला शब्द पुरा करून तार सोडतो. थोडक्यात, रिंग देत बसावं. ही गोष्ट त्यांनी टेलिफोनवाल्यांपासून लपवून ठेवली. पण बायकोने जिन्यात सांगितली, आणि आठ दिवसांत सगळ्या इमारतीत झालं की ते कॉम्प्युटरचं टेलिफोनवाल्यांनी दुरुस्त करून दिलं.

तिसरा घोळ सगळ्यांत अपमानकारक. आकडा कधी बरोबर यायचा, कधी साफ वेडावाकडा. तो कुठे बिघडतो हे पाहावं म्हणून सल्लागारांनी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली, की प्रत्येक पायरीला काय चाललंय ते पडद्यावर लिही. ती ओळ घातली की सगळं सुरळीत. ओळ काढली की पुन्हा वेडेपणा. पाहायला गेलं की शहाणं आणि पाठ फिरली की उनाड, हा प्रकार त्यांनी माणसांत पाहिला होता, यंत्रात पहिल्यांदा पाहत होते. चार दिवस ते ती ओळ घालत होते आणि काढत होते. बायको भाजी चिरता चिरता म्हणाली, “अहो, मग राहू द्या ना ती ओळ.”

“असं चालत नाही. त्याला कारण लागतं.”

“कारण लागलं की यंत्र जास्त चांगलं चालेल का?”

या प्रश्नाला शास्त्रात उत्तर नाही. कारण मात्र सापडलं. सेन्सरला ओलावा मोजायला डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा वेळ लागतो, आणि सल्लागारांचा ड्रायव्हर प्रश्न विचारल्या विचारल्या उत्तर मागत होता. मध्ये पडद्यावर लिहायला लावलं की तेवढी उसंत आपोआप मिळायची. विचारायचं आणि समोरच्याला बोलू द्यायचं नाही, ही बारा वर्षांच्या मीटिंगांची सवय त्यांच्या हातून प्रोग्रॅममध्ये उतरली होती. त्यांनी ड्रायव्हरला थोडं थांबायला शिकवलं. आकडा आला: अठ्ठावन्न. दिवसभर अठ्ठावन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न. जेवणाच्या टेबलावरची हवा तेवढीच दमट होती. त्या दिवशी दोन दिवसांच्या कामाला पाच आठवडे पुरे झाले होते, तरी सल्लागारांनी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला.

कार्यालयाच्या दाराशी भांडारपाल होता. बाहेरची कुठलीही वस्तू आत न्यायची तर त्याच्याकडे अर्ज. सल्लागारांनी अर्जात प्रामाणिकपणे लिहिलं की उपकरणात स्वतः लिहिलेला बसचा ड्रायव्हर आहे. भांडारपालाने अर्ज ठेवून घेतला. चार दिवसांनी तो वाहन विभागाच्या शेऱ्यासह परत आला: ‘चालकाच्या परवान्याची प्रत जोडावी. बस कोठे उभी करणार ते नमूद करावे.’

सल्लागारांनी समक्ष जाऊन समजावलं. ही बस ती नव्हे, ड्रायव्हर तो नव्हे, यात माणूस नाही.

“म्हणजे बिनचालकाची,” भांडारपाल म्हणाला आणि त्याने तसं लिहून घेतलं. बिनचालकाच्या वाहनाला सुरक्षा विभागाचं प्रमाणपत्र लागतं. त्यात आणखी नऊ दिवस गेले. शेवटी बायकोने नवा अर्ज लिहिला. त्यात ‘ओलावा दाखवणारे घड्याळ, एक नग’ एवढंच होतं. तो दहा मिनिटांत मंजूर झाला. फक्त अट अशी की तार आल्यागेल्याला दिसता कामा नये. म्हणून सेन्सर अगदी मागच्या भिंतीपाशी, शेवटच्या रॅकच्या पाठीमागे लावला, आणि पडदा दाराजवळ.

पडद्यावर आकडा आला: नव्याण्णव.

सल्लागार हसले. म्हणाले, “नवीन जागा आहे. रुळेल.” तासाभराने नव्याण्णव. दुसऱ्या दिवशी नव्याण्णव. मोठं यंत्र श्वास न घेता चालत होतं. त्याच्या पोटातली बादली दिवसाला आठ वेळा भरत होती आणि शिपाई ती जिना चढून ओतून येत होता. तिसऱ्या दिवशी शिपायाने लेखी तक्रार दिली की पूर्वी या यंत्राचा त्रास नव्हता.

सल्लागारांनी सेन्सर घरी आणला: अठ्ठावन्न. परत नेला: नव्याण्णव. दुसरा सेन्सर लावला, तोही नव्याण्णव. म्हणजे अख्खी खेप खराब, किंवा लांब तारेचा दोष, किंवा ड्रायव्हरमध्ये अजून काहीतरी राहिलंय. तळघराच्या जिन्यावर मांडीवर बोर्ड घेऊन ते सहा दिवस बसले. येणारेजाणारे त्यांना ओलांडून जात. कोणी म्हणे बंद करून चालू करा, कोणी म्हणे त्याच्यावर फुंकर मारा. मुख्य अधिकारी एकदा ओलांडताना म्हणाले, “मॅडमचे यजमान ना? चालू द्या.”

सातव्या दिवशी नाइलाज होऊन त्या मुलीला फोन झाला.

“सर, सेन्सर आकड्यासोबत एक तपासणीचा अंक पाठवतो. तो जुळतोय?”

“जुळतोय.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

“मग वाटेत काही बिघडत नाहीये सर. सेन्सर खरंच नव्याण्णव म्हणतोय.”

“तुला अनुभव कमी आहे,” सल्लागार म्हणाले आणि फोन ठेवला. ठेवल्यावर त्यांना स्वतःलाच वाईट वाटलं. पण पाच आठवडे ज्याने तोंडघशी पाडलं, त्या प्रोग्रॅमने आता एकदम खरं बोलावं हे त्यांच्या मनाला पटण्यासारखं राहिलं नव्हतं. वारंवार दूध उतू गेलं की माणूस गॅस चालू आहे की नाही हेही न बघता तिकडे धावतो, तसं त्यांचं झालं होतं.

त्या संध्याकाळी बायको आवाज न चढवता म्हणाली, “शुक्रवारी वरून पाहणीला लोक येणार आहेत. पडद्यावर तो आकडा असला तर मला सांगावं लागेल की मी नवऱ्याचं ऐकलं म्हणून बसवलं.”

ती रागावली असती तर सल्लागार टिकले असते. गुरुवारी त्यांनी ड्रायव्हरमध्ये चार ओळी घातल्या. नव्वदच्या वरचा आकडा आला तर तो चूक धरावा आणि त्याआधीचा बरा आकडा दाखवावा. आधीचा बरा आकडा नसेलच, तर अठ्ठावन्न. हा अठ्ठावन्न त्यांच्या जेवणाच्या टेबलावरचा.

शुक्रवारी पडद्यावर अठ्ठावन्न होतं. वरच्या लोकांनी ते पाहिलं. सोमवारीही अठ्ठावन्न होतं. बादल्या बंद झाल्या, शिपायाने तक्रार मागे घेतली. मुख्य अधिकाऱ्यांनी परिपत्रक काढलं, ‘अभिलेख कक्षातील आर्द्रता उल्लेखनीय रीतीने स्थिर आहे.’ सल्लागारांनी त्याची प्रत घरी आणून पुठ्ठ्यावर चिकटवली आणि टेलिफोनवाल्यांना दाखवली. पाच आठवडे अठ्ठावन्न होतं. ऊन पडलं तरी अठ्ठावन्न, आभाळ आलं तरी अठ्ठावन्न.

मग एक वृद्ध गृहस्थ आपल्या जन्माचा दाखला काढायला आले. मुलीकडे परदेशी जायचं होतं. त्यांच्या सालाची नोंदवही शेवटच्या रॅकवर खालच्या खणात होती. कारकून बाईंनी ती ओढली तेव्हा ती अर्धीच आली. उरलेली अर्धी फुगून भिंतीला चिकटली होती.

रॅक पुढे सरकवला. मागची भिंत जमिनीपासून कमरेपर्यंत काळी पडली होती आणि हात लावला की हात ओला होत होता. नळ दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने भिंतीला कान लावला, दोनदा ठोकलं आणि सांगितलं की वरच्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहाची नळी आत फुटली आहे. “आजची नाही ही. तीन महिने तरी झाले असतील. पाणी निघत नव्हतं का कुठे?”

शिपाई म्हणाला, “मध्ये निघत होतं. दिवसाला आठ बादल्या.”

“मग?”

“मग बंद झालं.”

नळवाल्याने खोलीभर नजर फिरवली. “एवढे कागद ठेवता, ओल मोजायचं काही ठेवत नाही का?”

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. पडद्यावर अठ्ठावन्न होतं.

सल्लागारांना बातमी दुपारी कळली. बायकोने फोनवर फक्त “तुम्ही या” एवढंच सांगितलं. त्यांनी भिंत पाहिली, सेन्सर पाहिला. सेन्सरवर पाण्याचे बारीक थेंब जमले होते. तो इवलासा तुकडा पाच आठवडे सेकंदासेकंदाला दोन तारांवरून ओरडत होता, आणि त्याचं ओरडणं दाबणाऱ्या चार ओळींच्या वर, ही सुधारणा कोणी केली ते कळावं म्हणून, सल्लागारांनी आपलं पूर्ण नाव आणि तारीख घातली होती.

त्रेचाळीस वह्या भिजल्या होत्या. त्या वरच्या हॉलमध्ये पंख्याखाली उघड्या ठेवल्या, आणि पानापानात टिपकागद घालायला माणसं कमी पडली. सल्लागार रोज सकाळी दहाला ‘अभ्यागत’ असा बिल्ला लावून जात आणि पाचपर्यंत दुसऱ्यांचे जन्म आणि मृत्यू वाळवत. सदतीस वह्या वाचल्या. त्या वृद्ध गृहस्थांचं पान तिसऱ्या दिवशी सुटलं. तारीख होती, आईचं नाव होतं, बाळाच्या नावाच्या जागी निळा डाग होता.

गृहस्थांनी चष्मा वर करून बराच वेळ ते पाहिलं. “म्हणजे जन्म झालाय,” ते म्हणाले, “कोणाचा ते कळत नाही.”

सल्लागारांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी आणून दिलं आणि त्यांचा शाळेचा दाखला, जुनी पत्रं, जे जे चालेल त्याची यादी काढून दिली. पुढे पंधरा दिवस ते त्यांच्यासोबत खिडक्या-खिडक्यांतून फिरले. शेवटी दाखला मिळाला. गृहस्थ त्यांना म्हणाले, “तुमच्यासारखी माणसं कमी राहिली आहेत.” सल्लागारांना वाटलं, शेजारची भिंत दुभंगावी आणि आपण आत शिरावं. मग कोणती भिंत ते आठवलं.

पण त्याआधी ते मुख्य अधिकाऱ्यांकडे गेले होते. चौकशी समिती बसली होती आणि बायकोवर शेकणार हे दिसत होतं.

“साहेब, यंत्र बरोबर सांगत होतं. मी त्याला गप्प केलं. तसं लिहून देतो.”

अधिकाऱ्यांनी छापील फॉर्म पुढे ओढला. “आपण कर्मचारी?”

“नाही.”

“पुरवठादार?”

“नाही. यजमान.”

अधिकाऱ्यांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत पाहिला. “यजमानांना रकाना नाही,” ते म्हणाले. सल्लागारांनी कोऱ्या कागदावर लिहून दिलं. तो कागद जोडपत्र म्हणून लागला आणि जोडपत्रं कोणी वाचत नाही. समितीने निष्कर्ष काढला की उपकरण सदोष होतं. ते तत्काळ निकामी करावं. बायकोला अप्रमाणित उपकरण बसवल्याबद्दल लेखी समज मिळाली आणि तळघर काढून घेऊन तिला वरच्या मजल्यावर अर्ज घेण्याच्या खिडकीवर बसवलं. एकवीस वर्षं ज्या वह्या तिने सांभाळल्या, त्यांच्या किल्ल्या तिने भांडारपालाच्या हातात मोजून दिल्या.

भांडारपालाने बोर्ड आणि सेन्सर एका पिशवीत घालून, ‘निकामी’ असा लाल शिक्का मारून, सल्लागारांची सही घेऊन परत केलं. साऱ्या प्रकरणात खरं बोललेलं तेवढं एकच होतं.

घरी दोघं टेबलाशी बसली. बायकोने किल्ल्यांचं रिकामं कडं पर्समधून काढलं, पाहिलं आणि परत ठेवलं.

“मला विचारायचं होतंत,” ती म्हणाली.

“काय विचारणार होतो? तुला त्या ड्रायव्हरमधलं—”

“खोलीत ओल आहे का, असं.”

बोलण्यासारखं जे होतं ते सल्लागारांनी जोडपत्रात लिहिलं होतं. ते उठले, पिशवी फाडली, बोर्ड जोडला. चार ओळी शोधून पुसल्या, आणि नावही पुसलं. मग सेन्सर टेबलावर ठेवून ते त्याच्याकडे बघत बसले. गॅसवर कधीपासून पाणी उकळत होतं.

“काय म्हणतोय?” बायकोने विचारलं.

“एक्क्याऐंशी.”

ती उठली आणि तिने खिडकी उघडली.